‘हयातीतच घर मुलांच्या नावावर करा’ हा सल्ला आई-वडिलांना उघड्यावर आणणारा आहे

गेल्या काही महिन्यांत एकच संदेश मला दहा-बारा जणांकडून आला. मजकूर थोडक्यात असा: ‘मृत्युपत्राच्या भानगडीत पडू नका. महाराष्ट्रात अवघ्या २०० रुपयांत घर मुलांच्या नावावर होते. पुढे आजारपण आले तर मुले बघतील. कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) करून ठेवा, म्हणजे बँकेचे अडत नाही. आणि मुलांनी नाहीच सांभाळले, तर २००७ च्या कायद्याने घर परत मिळते.’

ज्येष्ठांचे निर्वाहाचे, म्हणजे मुलांकडून सांभाळाचा खर्च मागण्याचे, अर्ज लिहून द्यायला मी मदत करते. हा सल्ला ऐकून फसलेली माणसे मी समोर बसलेली पाहिली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

२०० रुपयांचे म्हणणे खरे आहे. राहते घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीसपत्राने, म्हणजे मोबदला न घेता, दिली तर मुद्रांक शुल्क तेवढेच लागते. पण ही यादी पुन्हा वाचा. तिच्यात आई-वडील नाहीत. उद्या मुलाने राजीखुशीने घर परत द्यायचे ठरवले, तरी त्या दस्ताला ही सवलत मिळत नाही. जाताना स्वस्त आणि येताना महाग, असा हा रस्ता आहे.

आता सगळ्यात घातक वाक्य: ‘कायद्याने परत मिळते.’

मागे एक निवृत्त शिक्षक आले होते. औषधाच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले बक्षीसपत्र होते. त्यांनी ते टेबलावर हाताने सरळ केले आणि म्हणाले, “ताई, कायदा आहे ना आपल्या बाजूने?” तिसऱ्या पानावर ओळ होती: ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणत्याही मोबदल्याशिवाय व अटीशिवाय’. त्याखाली ‘सदर मिळकतीवर माझा कोणताही हक्क वा हितसंबंध राहिलेला नाही’. खाली त्यांची सही, अंगठा, फोटो. चाळीस वर्षे मुलांना धडे वाचून दाखवणाऱ्या माणसाने स्वतःचा दस्त वाचला नव्हता. लेखनिकाने छापील नमुना काढला, सगळ्यांनी सह्या केल्या.

संदेशातला २००७ चा कायदा म्हणजे ज्येष्ठ नागरिक कायदा. त्याचे कलम २३ म्हणते की, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरवता येते. अट हा या कलमाचा जीव आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, नुसत्या प्रेमापोटी, अटीशिवाय दिलेल्या मालमत्तेला हे कलम लागू करता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईला घर परत मिळाले, तेव्हा सगळीकडे ती बातमी फिरली. पण त्या प्रकरणात बक्षीसपत्रात सांभाळाचा उल्लेख होता आणि मुलाने त्याच दिवशी वचनपत्रही लिहून दिल्याचे समोर आले होते. न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला, हे फार चांगले झाले. तरी उदारपणालाही धरायला कागद लागतो. आमच्या गुरुजींकडे तो नव्हता. कलम २३ चा अर्ज उभा राहील अशी एक ओळही त्या दस्तात सापडली नाही, आणि हे त्यांना सांगणे मला फार जड गेले.

निर्वाह भत्ता मागता येतो, हो. पण कायद्यात त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ दिवसरात्र बाई ठेवायची तर ही रक्कम किती पुरते, ते ज्या घरात असे आजारपण आहे त्यांना विचारा. आरोग्य विमाही मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांसाठी असतो. घरी उठवणे, बसवणे, भरवणे हा खर्च बहुतेक वेळा घरातूनच होतो.

‘मुले बघतील’ यावर मी मुलांना दोष देत नाही. बहुतेक मुले बघतात. पण चांगल्या मुलावरही संकट येते. घर त्याच्या नावावर असेल तर त्याच्या धंद्यातल्या कर्जापायी जप्ती येऊ शकते. आणि जे बोलायला जीभ रेटत नाही तेही सांगते: हिंदू कुटुंबातला मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची मालमत्ता त्याची पत्नी, मुले आणि आई यांच्याकडे जाते. वडील पहिल्या वर्गाच्या, म्हणजे आधी हक्क असलेल्या, वारसांत येतच नाहीत. ज्यांनी हप्ते फेडून घर घेतले, त्यांचाच वाटा शून्य.

शिवाय घर स्वतःच्या नावावर असेल तर साठीनंतर रिव्हर्स मॉर्गेज, म्हणजे राहते घर तारण ठेवून मिळणारे कर्ज, घेता येते. बँक दरमहा पैसे देते, हयातीत परतफेडीचा तगादा नाही, आणि पश्चात वारसांना कर्ज फेडून घर सोडवून घेता येते. सर्वांनाच हे परवडेल असे नाही, पण दार उघडे राहते. बक्षीसपत्रावर सही केली की ते बंद.

कुलमुखत्यारपत्राबद्दल तर फारच गैरसमज आहे. करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, अधिकार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे स्मृतिभ्रंश बळावला की तो कागद कामाचा नाही. मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते. त्यापेक्षा शुद्ध हरपण्याआधीच विश्वासातल्या माणसाबरोबर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही एकटा चालवू शकेल असे) संयुक्त खाते उघडलेले बरे. खर्चापुरती रक्कम त्यात, बाकी ठेवी वेगळ्या.

मृत्युपत्राची भानगड म्हणाल तर ती नाहीच. साधा कागद, तुमची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक. आणि मन बदलले तर कितीदाही नवे करता येते. बक्षीसपत्र तसे मागे घेता येत नाही. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला, हेही खरे नाही.

काही घरांत हयातीतच देण्याला खरे कारण असते. तिथे दस्तात तीन गोष्टी लिहून घ्याच: आम्हा दोघांचा तहहयात राहण्याचा हक्क, सांभाळ व औषधपाण्याची स्पष्ट अट, आणि अट मोडल्यास दस्त रद्द होईल हे वाक्य. तहहयात हक्क राखून दिलेले बक्षीस वैध असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच म्हटले आहे. लेखनिक ‘असे कोणी लिहीत नाही’ म्हणाला, तर दुसरा लेखनिक शोधा.

ज्यांनी आधीच दिले आहे त्यांनी आजच कपाटातून दस्त काढून अटींचा परिच्छेद वाचावा. अट असेल आणि सांभाळ होत नसेल, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करा. त्याला वकील लागत नाही.