झडीच्या दिवसांतील शेगडी
बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचू शकतो, म्हणून थंडीत वापरला जाणारा हा गिझर न्हाणीघराबाहेर बसवावा, हा आपल्या अंकातील लेखाचा सल्ला योग्यच आहे. परंतु कोल्हापुरात थंडीइतकाच पावसाळाही जपण्याचा काळ आहे. शिवाजी पेठेतील आमच्या जुन्या घरात झड लागली की झरोक्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले जात आणि ओले कपडे वाळवण्यासाठी कोळशाची शेगडी आतल्या खोलीत येई. एकदा आईला तेथेच भोवळ आली, तेव्हा पित्त समजून आम्ही तिला लिंबू-सरबत दिले. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये वास मुद्दाम मिसळलेला असतो, कोंडलेल्या खोलीत शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासही नसतो नि रंगही नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो. म्हणून अशा वेळी डोके जड झाल्यास आधी माणसाला मोकळ्या हवेत आणावे, आणि गिझरची निळी ज्योत पिवळी दिसू लागल्यास दुरुस्तीपर्यंत तो बंदच ठेवावा.