डाळिंब, द्राक्ष, ज्वारी जीएम नाहीत: ग्रामसभेत ठराव मांडण्याआधी

सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: बिनबियांची द्राक्षं आणि कलिंगडं, तैवान पपई, टिश्यू कल्चरचं डाळिंब, सुधारित ज्वारी हे सगळं जनुकीय बदल केलेलं, म्हणजे जीएम आहे. त्याने कॅन्सर होतो, त्याचं बी पुन्हा उगवत नाही, शेतकऱ्यांच्या आत्महत्या त्यानेच झाल्या. अमेरिकेतल्या काउंट्यांनी बंदी घातली, तशी आपल्या ग्रामसभांनीही घालावी.

जीएमबाबत सावध राहायला हवं, हे मलाही मान्य आहे. म्हणूनच हा मेसेज मला घातक वाटतो. ज्या पिकांत जीएम नाही त्यांची तो भीती घालतो आणि जिथे आहे तिथलं लक्ष काढून घेतो.

'बिनबियांचं म्हणजे जीएम' हे सोलापुरात तरी कुणी मानू नये. शरद सीडलेस आणि सोनाका या द्राक्षाच्या जाती आपल्या नान्नजच्या. बागेतल्या वेलींत आपोआप आलेलं वेगळेपण नानासाहेब काळे यांनी हेरलं, निवडलं आणि वाढवलं. प्रयोगशाळेत बाहेरचं जनुक घालण्याचा तिथे संबंधच नव्हता. बिनबियांच्या कलिंगडात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, म्हणून बी धरत नाही. तेही जीएम नव्हे. जीएम पपई मात्र जगात आहे. हवाई बेटांवर रिंगस्पॉट विषाणूने बागा संपत आल्या, तेव्हा १९९८ मध्ये तिथे त्या विषाणूला तोंड देणारी 'रेनबो' ही जीएम जात आली. आपल्याकडे 'तैवान पपई' म्हणून लावतात ती ७८६ ही साधी संकरित जात. त्याच विषाणूने आपल्या पपईच्या बागा आजही मोडाव्या लागतात, एवढ्यावरूनच ती हवाईची पपई नाही हे कळतं.

डाळिंबाबद्दलचा दावा सगळ्यात जास्त नुकसान करणारा आहे. टिश्यू कल्चर म्हणजे निवडलेल्या मातृवृक्षाचा छोटा भाग बरणीत, पोषक द्रव्यावर वाढवून केलेली रोपं. जनुकं मातृवृक्षाचीच राहतात, जशी गुटीत, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळं फोडून केलेल्या रोपात, राहतात. फरक रोगाचा आहे. टिश्यूचं रोप रोगमुक्त करून देता येतं; तेल्या हा जिवाणूंचा रोग आलेल्या बागेतली गुटी आणली की तेल्या नव्या बागेत येतो, आणि सांगोला-पंढरपूर भागात तेल्याने आणि मर रोगाने किती बागा काढायला लावल्या हे इथल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. मेसेज सांगतो, 'टिश्यूची रोपं फेकून द्या, गुटीकडे परत या.' हे ऐकून कुणी रोगट बागेतली गुटी लावली, तर त्याची काही वर्षं आणि कर्ज दोन्ही वाया जाईल.

'सोलापूर लाल'लाही त्यात ओढलंय, कारण तिच्या नावापुढे 'बायोफोर्टिफाइड' लागतं. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची ही जात. तिच्यात लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व जास्त आहे, आणि ते साध्या संकरातून आणलेलं आहे. भगवा ही जातसुद्धा राहुरीच्या कृषी विद्यापीठात संकर आणि निवडीतूनच तयार झाली. 'सोलापूर डाळिंबा'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. युरोप जीएमबाबत किती काटेकोर आहे हे निर्यातदारांना विचारा. आपलं डाळिंब जीएम असल्याचं आपणच लिहून पसरवायचं, तर त्या मानांकनाचं काय करायचं?

ज्वारीचं थोडक्यात. भारतात कुठल्याही जीएम ज्वारीच्या लागवडीला परवानगी नाही. मालदांडी एम ३५-१ ही मोहोळला स्थानिक वाणातून निवडलेली. आपल्या रब्बी ज्वारीत हायब्रीडपेक्षा सरळ वाणच जास्त, त्यामुळे घरचं बी ठेवता येतं आणि लोक ठेवतातही.

इथेच 'बी उगवत नाही' या दाव्याकडे येऊ. उगवणारच नाही असं बी देणारं 'टर्मिनेटर' तंत्रज्ञान बाजारात कधीच आलं नाही, आणि आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात अशा वाणांची नोंदणीच होत नाही. बीटी, म्हणजे बोंडअळीला मारक असं जिवाणूचं जनुक घातलेल्या, कापसाचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं, कारण भारतात ते प्रामुख्याने संकरित स्वरूपात विकलं गेलं. संकरिताचं बी पुढच्या वर्षी लावलं तर पीक एकसारखं येत नाही. शेतकरी बियाण्यासाठी कंपनीवर अवलंबून राहिला ही तक्रार खरी आहे. तिचं कारण मात्र बीटी जनुक नसून संकर आहे.

कॅन्सरच्या दाव्यासोबत गाठी आलेल्या उंदरांचे फोटो येतात. ते जीएम मका खायला घातलेल्या उंदरांवरच्या, २०१२ च्या एका फ्रेंच अभ्यासातले. प्रत्येक गटात फक्त दहा उंदीर, तेही वयानुसार गाठी होण्याची प्रवृत्ती असलेल्या जातीचे. नियतकालिकाने तो शोधनिबंध २०१३ मध्ये मागे घेतला. पुढच्या वर्षी तो दुसरीकडे छापून आला, पण आकडे तेवढेच तोकडे राहिले.

आत्महत्यांबद्दल लिहिताना हात जड होतो. बीटी कापूस मार्च २००२ मध्ये आला. विदर्भातलं कर्ज, कोरडवाहू शेती आणि भावाची अनिश्चितता त्याच्या आधीपासूनची. पण बीटीने सगळं छान केलं असंही म्हणता येणार नाही. गुलाबी बोंडअळीने बोलगार्ड-२ या बीटी कापसाच्या पुढच्या पिढीला दाद देणं सोडलं, २०१७ मध्ये राज्यभर कापसाचं मोठं नुकसान झालं, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. जीएमवर टीका करायची तर ही करा. तिला पुरावा आहे.

मग आपल्याकडे जीएम आहे कुठे? परवानगीने शेतात असलेलं जीएम पीक एकच, कापूस. बीटी वांगं फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी थांबवलं. डीएमएच-११ या जीएम मोहरीवर जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. पण देशातला बहुतेक कापूस बीटी आहे, म्हणजे म्हशीपुढची सरकी पेंड आणि फरसाण तळायचं सरकीचं तेलही त्याच कापसाचं. मेसेजमध्ये सरकीचा उल्लेखही नाही. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाच्या बियाण्याचाही नाही. त्याला परवानगी नाही, तरी ते बिनबिलाचं विकलं जातं. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने ते उघडपणे लावून आंदोलन केलं होतं.

राहिली बंदी. कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो काउंटीने २००४ मध्ये मतदानाने बंदी घातली, हे खरं. पण हवाईतल्या काउंट्यांचे असे निर्बंध २०१६ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने रद्दबातल ठरवले. तो अधिकार काउंट्यांचा नाही, असं न्यायालय म्हणालं. आपल्याकडे हा विषय पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांत येतो. मंजुरी केंद्रीय समितीकडे असते, शेतातल्या चाचणीला राज्याची ना हरकत लागते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे. ग्रामसभेच्या ठरावाने गावात 'जीएमबंदी' लागू होत नाही. असा ठराव झालाच, तर त्रास फक्त टिश्यूची रोपं विकणाऱ्या रोपवाटिकेला होईल.

ठराव करायचाच असेल तर असा करा: गावच्या शिवारात कोणतीही जीएम चाचणी ठरली तर ग्रामसभेला आधी कळवावं, कापसाच्या बिनबिलाच्या पाकिटांची कृषी विभागाने तपासणी करावी, मालदांडीसारख्या स्थानिक वाणांची नोंद गावाच्या जैवविविधता नोंदवहीत व्हावी. ठरावाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि पोच घ्या.