‘डॅकमध्ये नाव लागलं की संपलं’: त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज माझ्याकडे चार वेळा आला. आधी हिंदीत, मग मराठीत, मग कुणाच्या तरी आवाजातली क्लिप, आणि शेवटी माझ्या मावशीकडून, ‘तुझंच काम ना हे, बघ गं जरा’ अशा ओळीसकट. मावशीचा जावई टेक्सासात अठरा चाकी चालवतो. मेसेज असा:

‘अमेरिकेत ट्रक चालवणाऱ्या भावांनो, सावधान! डॅक नावाची सरकारी काळी यादी आहे. मालकाशी वाजलं की तो त्यात नाव टाकतो. ड्रायव्हरला ती कधीच बघता येत नाही. एकदा नाव लागलं की जन्मभर नोकरी नाही. फॉर्म भरताना भांडण झालेली कंपनी लिहूच नका. लिहून बसला असाल तर ४०० डॉलरमध्ये डॅक साफ करून मिळेल, खालच्या नंबरवर फोन करा.’

मी पुण्यात रात्रपाळी करते. तिकडच्या ट्रकिंग कंपन्या नवा ड्रायव्हर घेण्याआधी त्याची फाईल तपासतात, त्यातलं बरंच काम इकडे येतं. ड्रायव्हरला ‘कधीच बघता येत नाही’ तो रिपोर्ट मी रोज उघडते. ‘मला माझा रिपोर्ट दाखवा’ असा ड्रायव्हरचा लेखी अर्ज मात्र महिन्यातून एखादा दिसला तर दिसला. असे मेसेज फिरतात म्हणून अर्ज येत नाहीत, अशी मला दाट शंका आहे.

‘सरकारी काळी यादी’

सरकारचा डॅकशी संबंध नाही. डॅक म्हणजे ड्राइव्ह-अ-चेक. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात डॅक सर्व्हिसेस नावाची खासगी कंपनी होती, तिचं हे काम. आता ते हायरराइट या पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपनीकडे आहे. ट्रकिंग कंपन्या आपल्या मर्जीने तिथे नोंदी पाठवतात: ड्रायव्हर कधीपासून कधीपर्यंत होता, कोणती गाडी, कोणता माल, नोकरी का सुटली, अपघात झाला का, आणि पुन्हा घ्याल का. सगळ्या कंपन्या पाठवतही नाहीत. दहा-बारा गाड्यांच्या मालकाची नोंद तिथे नसणं यात नवल नाही. शिवाय टल्सातलीच टेनस्ट्रीट ही दुसरी कंपनी असलंच काम करते. पण आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो, तसं ड्रायव्हर मंडळी सगळ्यालाच डॅक म्हणतात.

सरकारी नोंदी वेगळ्या. पीएसपी या रिपोर्टमध्ये ५ वर्षांचे अपघात आणि ३ वर्षांच्या रस्त्यावरच्या तपासण्या असतात. ड्रायव्हरला स्वतःचा १० डॉलरला मिळतो. दुसरं क्लिअरिंगहाऊस, ६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेलं, ड्रग आणि दारूच्या चाचण्यांचं. तिथे स्वतःची नोंद बघायला पैसे पडत नाहीत. हा फरक मी उगाच उगाळत नाही. पीएसपीमधली चूक डेटाक्यूज या सरकारी पोर्टलवर दुरुस्त होते, डॅकमधली तिथे होत नाही. चुकीच्या दारावर धडका मारून दमलेली माणसं मी पाहिली आहेत.

‘ड्रायव्हरला बघता येत नाही’

मेसेजमधलं हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट हा १९७० चा कायदा. नावात क्रेडिट असलं तरी नोकरीच्या इतिहासाचा रिपोर्ट विकणारी कंपनीही त्याच्या कक्षेत येते. देशभर असे रिपोर्ट देणाऱ्या कंपनीने माणसाला १२ महिन्यांतून एकदा त्याचा रिपोर्ट फुकट द्यायचा, आणि मागणी आल्यापासून १५ दिवसांत द्यायचा. मागायचा तो हायरराइटकडेच, त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून, फोनवर किंवा पत्राने. ओळख पटवायला नाव, जन्मतारीख, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर वगैरे लागतं. रिपोर्टमुळे कुणी नोकरी नाकारली, तर तशी सूचना मिळाल्यापासून ६० दिवसांत आणखी एक प्रत फुकट. वर्षाची फुकट प्रत आधीच घेतली असली तरीही.

दुसरा रस्ता परिवहन खात्याच्या नियमांतला, आणि तो फारच कमी लोकांना ठाऊक आहे. नव्या कंपनीला ड्रायव्हरच्या मागच्या ३ वर्षांतल्या कंपन्यांकडे त्याच्या सुरक्षिततेच्या नोंदीची चौकशी करावीच लागते. त्यांनी काय कळवलं ते बघण्याचा हक्क ड्रायव्हरला आहे. नव्या कंपनीला लेखी अर्ज द्यायचा. नोकरीसाठी अर्ज करतानाच द्या, किंवा नोकरी लागल्यापासून अथवा नाकारल्याचं कळल्यापासून ३० दिवसांपर्यंत द्या. कंपनीने कामाच्या ५ दिवसांत माहिती दाखवायची. ती तयार असल्याचं कळूनही ३० दिवसांत नेली नाही, तर मात्र हक्क सोडला असं धरता येतं.

मग ‘बघता येत नाही’ हा समज आला कुठून? हवेतून नाही आला. २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हायरराइटवर जे आरोप ठेवले, त्यात लोकांना त्यांचे रिपोर्ट न देणं आणि तक्रारींची नीट फेरतपासणी न करणं हेही होतं. कंपनीने २६ लाख डॉलर दंड भरून ते मिटवलं. त्याआधी ज्यांनी रिपोर्ट मागून हात टेकले, त्यांना मी खोटं म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी बाकीच्या नोकरदारांना ऐकून धक्का बसतो. ऑफिसातल्या माणसाला रिपोर्टमुळे नाकारायचं असेल तर नाकारण्याआधी त्याच्या हातात रिपोर्टची प्रत द्यावी लागते. ट्रक ड्रायव्हरने फोनवर, पोस्टाने किंवा कॉम्प्युटरवरून अर्ज केला असेल (म्हणजे बहुतेकांनी), तर कायद्यात अपवाद आहे. आधी नाकारा, मग कामाच्या ३ दिवसांत कळवा, तेही तोंडी चालतं. त्याने मागितली तर पुढच्या कामाच्या ३ दिवसांत प्रत द्या. मागायचं असतं हेच माहीत नसलेल्या माणसाला एवढंच दिसतं, की रिक्रूटर काल गोड बोलत होता आणि आज फोन उचलत नाही. म्हणून मावशीला मी पहिलं वाक्य हेच सांगितलं: जावयाला म्हणावं, नवीन कंपनीत अर्ज टाकायच्या आधी रिपोर्ट मागव. त्यांच्या आधी तू वाच.

‘जन्मभर’

प्रतिकूल माहिती ७ वर्षांपेक्षा जुनी झाली की साधारणपणे रिपोर्टमध्ये देता येत नाही. गुन्ह्यात दोषी ठरल्याची नोंद या मर्यादेत येत नाही. आणि एक मेख आहे: वर्षाला ७५,००० डॉलर किंवा त्याहून जास्त पगाराच्या नोकरीला फेडरल कायद्यातली ही मर्यादा लागू नाही. लांब पल्ल्याचा अनुभवी ड्रायव्हर आज तिथे पोचू शकतो, म्हणून हे डोक्यात ठेवा. क्लिअरिंगहाऊसमधलं उल्लंघन ५ वर्षं किंवा कामावर परतण्याची सगळी प्रक्रिया पुरी होईपर्यंत राहतं, यातलं जे नंतर असेल ते. प्रक्रिया केलीच नाही तर ते हटत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ पासून राज्यं अशा माणसाचं व्यावसायिक लायसन्सच खाली उतरवतात, म्हणजे त्याला ट्रक चालवता येत नाही. जन्मभराची भीती घालायचीच, तर इथे घातली असती तर समजलं असतं.

बाकी डॅक कुणाला नोकरी नाकारत नाही. नाकारते ती कंपनी, आणि प्रत्येकीचे निकष निराळे. ‘पुन्हा घेणार नाही’ एवढीच नोंद असलेल्याला एका कंपनीने नाकारलं आणि दुसरीने त्याच आठवड्यात ओरिएंटेशनला बोलावलं, हे माझ्यासमोर घडलेलं आहे.

‘जुनी कंपनी लिहूच नका’

कृपा करून हे करू नका. व्यावसायिक लायसन्सवाल्याला अर्जात मागच्या ३ वर्षांतल्या सगळ्या नोकऱ्या आणि त्याआधीच्या ७ वर्षांतल्या ट्रक चालवण्याच्या नोकऱ्या लिहाव्या लागतात, मिळून १० वर्षं. खाली ‘वरील माहिती खरी आहे’ म्हणून सही. लपवलेली कंपनी सापडते कशी? सोप्पं आहे. पीएसपीमध्ये प्रत्येक तपासणीपुढे त्या वेळी गाडी कोणत्या कंपनीच्या नावावर होती ते असतं. अर्जात मार्च ते ऑगस्ट रिकामा आणि पीएसपीमध्ये जूनची तपासणी दिसली, की आम्हाला डोकं खाजवावं लागत नाही. भांडणाची नोंद समजावून सांगता येते. खोटा अर्ज समजावून सांगताना मी अजून कुणाला यशस्वी झालेलं पाहिलं नाही.

‘४०० डॉलरमध्ये साफ’

खरी नोंद पैसे देऊन कुणीही पुसू शकत नाही. खोटी नोंद असेल तर आक्षेप घ्यायला एक सेंट लागत नाही. आणि फोनवरच्या अनोळखी माणसाला सोशल सिक्युरिटी नंबर द्यायचा, वर ४०० डॉलर द्यायचे! एवढ्यावर हा मुद्दा सोडला असता, पण आक्षेप कसा घ्यायचा हे कुणी सांगत नाही म्हणूनच हे लोक पोट भरतात.

आक्षेप रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे लेखी पाठवायचा. तिने ३० दिवसांत फेरतपासणी करायची. मध्येच तुम्ही नवी माहिती दिलीत तर १५ दिवस वाढू शकतात. ती जुन्या कंपनीला विचारते. जुन्या कंपनीला नोंद पडताळून देता आली नाही, तर ती काढावी लागते. व्यवहारात मात्र जुनी कंपनी बरेचदा ‘बरोबर आहे’ असं एका ओळीत कळवते. त्यामुळे ‘माझ्यावर अन्याय झाला’ हे पत्र कामाचं नाही. तारीख, वेळ, ठिकाण आणि कागद लागतो.

ड्रायव्हर ज्या नोंदीला सगळ्यात जास्त घाबरतात, ती ‘गाडी सोडून गेला’ ही. एका ड्रायव्हरच्या फाईलवर ती होती. त्याचं म्हणणं, गाडी कंपनीच्याच यार्डात लावली, किल्ली पेटीत टाकली, डिस्पॅचरला (गाड्यांना कामं वाटून देणाऱ्याला) फोनवर सांगितलं. डिस्पॅचर तोवर नोकरी सोडून गेलेला. फोनवरचं बोलणं कोण सिद्ध करणार? मग त्याला आठवलं, त्या दिवशी त्याने बायकोला फोटो पाठवला होता, ‘या गाडीला शेवटचा रामराम’ म्हणून. मागे यार्डाची पाटी, वर तारीख आणि वेळ. तो फोटो आणि त्या दिवसाचा इलेक्ट्रॉनिक लॉग (गाडी किती वेळ चालवली याची यंत्रातली नोंद) त्याने जोडला, आणि जुन्या कंपनीने नोंद बदलली. लॉगची एक गोष्ट ध्यानात ठेवा: कंपनीला तो ६ महिनेच जपून ठेवावा लागतो. वर्षभराने जागं झाल्यावर तो मिळेलच असं नाही.

परिवहन खात्याच्या नियमाने थेट जुन्या कंपनीलाही दुरुस्ती मागता येते. तिने १५ दिवसांत दुरुस्त करायचं किंवा ‘मान्य नाही’ असं कळवायचं. मान्य नसेल तर तुम्ही खंडन लिहून द्या. ते कामाच्या ५ दिवसांत नव्या कंपनीला पाठवणं आणि तुमच्या फाईलला जोडून ठेवणं तिच्यावर बंधनकारक आहे. हायरराइटच्या रिपोर्टलाही निवेदन जोडता येतं, तिथे ते १०० शब्दांपुरतं मर्यादित ठेवायला सांगू शकतात. लोक त्या शब्दांत मालकाला शिव्या घालतात. घालू नका, फाईल वाचणारी रात्री तीनला जागी असलेली माझ्यासारखी कुणीतरी असते, तिला तारीख आणि जागा हवी असते.

‘पुन्हा घ्याल का? नाही’ या नोंदीपुढे मात्र फारसं चालत नाही, हे कबूल करते. ते कंपनीचं मत आहे, आणि प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल कायदा जुन्या मालकाला बराच आडोसाही देतो. जाणूनबुजून खोटं कळवणाऱ्याला तो आडोसा नाही. असुरक्षित गाडी चालवायला नकार दिला म्हणून सूडाने नोंद केली असेल, तर अमेरिकेच्या ओशाकडे (श्रम खात्याच्या कामगार सुरक्षा विभागाकडे) १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते. गाडी असुरक्षित म्हणून सोडणाऱ्या एका ड्रायव्हरच्या डॅकवर ‘गाडी सोडून गेला’ लिहिल्याच्या प्रकरणात श्रम खात्याने ड्रायव्हरची बाजू घेतली, आणि २०१४ मध्ये आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

हे सगळं मी मावशीला पाठवलं. तासाभराने जावयाचाच फोन आला. तो पुढच्या महिन्यात कंपनी बदलतोय, अजून काहीच बिघडलेलं नाही, मग आत्ता काय करू? मी म्हटलं, भावजी, शेवटच्या दिवशी यार्डात गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, ओडोमीटरचा काढा, किल्ली हातात देऊन सही घ्या, आणि ‘गाडी अमुक ठिकाणी जमा केली’ असा ईमेल स्वतःच्या फोनवरून पाठवा. कंपनीच्या टॅब्लेटवरून नको, तो त्याच दिवशी परत द्यावा लागतो.