भिंतीवरचं 'इंद्रजाल'

आज चुलत बहिणीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. जेवण झकास, मसालेभात दोनदा घेतला. पण हॉलमध्ये दारासमोरच काचेच्या फ्रेममध्ये एक काळं, जाळीदार 'झाड' लटकवलेलं. खाली सोनेरी अक्षरांत 'ओरिजिनल इंद्रजाल'. नजर लागत नाही म्हणे. ऑनलाइन मागवलं, घरपोच आलं. मी म्हटलं, अगं, हे झाड नाही, समुद्राच्या तळाशी वाढणारं प्रवाळ आहे. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. विकणं गुन्हा, घरात ठेवणंही गुन्हा. भावोजी हसले. "वाघाचं वाघ बघेल, तू जिलेबी घे."

जिलेबी घेतली. डोकं मात्र तेव्हापासून फिरलंय.

हे भिंतीवर येतं कुठून? बरंचसं ट्रॉलरच्या, म्हणजे तळावरून जाळं ओढत नेणाऱ्या बोटीच्या, जाळ्यातून. देवगडच्या बंदरावर मी लहानपणी ते येताना पाहिलंय. जेट्टीवर जाळं पसरलेलं, खलाशी भोकं शिवत बसलेले आणि जाळ्यात अडकलेला एक लालसर पंखा, म्हणजे पंख्यासारखं पसरलेलं प्रवाळ. तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान) तो सुरीने कापून काढला आणि बाजूला भिरकावला. ओला होता, बोटांना बुळबुळीत लागला. आम्ही पोरांनी उन्हात ठेवला तर संध्याकाळपर्यंत रंग उडाला आणि घाण वास सुटला. काका म्हणाले, "थंय खडप आसा. जाळा फाटता." तिथे खडक आहे, जाळं फाटतं, एवढंच. ती जागा त्यांना तोंडपाठ होती. पुढे बोटीवर जीपीएस आलं तेव्हा अशा सगळ्या जागा त्यांनी त्यात भरून ठेवल्या.

मला राग याचा येतो की हेच ज्ञान कुणी वेळेवर विचारत नाही. नॉर्वेत विचारलं. तिथे अंधाऱ्या, थंड पाण्यात लोफेलिया नावाच्या प्रवाळाचे मैलोन्‌मैल पट्टे आहेत. जाळी कुठे फाटतात हे तिथल्या मच्छीमारांना कधीचं माहीत होतं. शास्त्रज्ञांनी त्यांच्याशी बोलून, कॅमेरे सोडून बघितलं, तर ३० ते ५० टक्के प्रवाळाला इजा झाल्याचा अंदाज निघाला. १९९९ मध्ये सुला इथला पट्टा ट्रॉलिंगला बंद झाला. स्कॉटलंडच्या वायव्येला डार्विन माउंड्स, म्हणजे प्रवाळ असलेले तळावरचे उंचवटे, १९९८ मध्ये सापडले, सुमारे १००० मीटर खोल. दोनच वर्षांत तिथे ट्रॉलचं जाळं उघडं ठेवणाऱ्या जड फळ्यांचे ओरखडे कॅमेऱ्यात दिसले. २००३ मध्ये बंदी आली. आली हे बरंच, पण ओरखडे आधी, बंदी मागून.

आणि खोल समुद्रातलं प्रवाळ जपायचा तो जगप्रसिद्ध नियम! संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये ठराव केला की खोल समुद्रातल्या नाजूक जागा ओळखा आणि जपा. उत्तम. मग उत्तर अटलांटिकमध्ये काय ठरलं? जाळ्यात अमुक किलो प्रवाळ आलं तर बोटीने थोडं बाजूला व्हायचं. एके काळी ही मर्यादा जिवंत प्रवाळासाठी ६० किलो होती. म्हणजे आधी मोडा, मग वजन करा, मग सरका. त्यात मोडलेलं प्रवाळ निम्मंअधिक जाळ्यातून गळून तळाशीच पडतं, वर येतंय कशाला? हवाईजवळ एक काळं प्रवाळ सापडलंय, वय सुमारे ४२०० वर्षं. सम्राट अशोक जन्मला तेव्हा ते जवळपास दोन हजार वर्षांचं होतं. असल्या जीवाला काट्यावर तोलायचं!

आपल्याकडे खोल समुद्र सोडा, विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटरवरचं आंग्रिया बँकही आपण धड सांभाळत नाही. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं बुडालेलं पठार, माथा जेमतेम वीस मीटरवर, प्रवाळाने भरलेलं. २०१९ च्या डिसेंबरात 'सिंधु साधना' जहाजातून शास्त्रज्ञ जाऊन आले. पण ते बारा सागरी मैलांच्या बाहेर, म्हणून राज्याचा हात पोचत नाही. केंद्राने सागरी क्षेत्रांच्या १९७६ च्या कायद्याखाली खास क्षेत्र जाहीर करावं लागतं. कोणाचं पाणी यावर कागद फिरत राहतात आणि जाळी तळ खरवडत राहतात.

तांडेलकाकांवर मात्र माझा राग नाही. बरं, मान्य, ते काही साधुसंत नव्हते. खडपाच्या कडेला मासा जमतो म्हणून ते मुद्दाम कडेकडेने जाळं ओढायचे, कधी अंदाज चुकायचा आणि तो लाल पंखा वर यायचा. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, बँकेचा हप्ता. रिकामी बोट परत आणून चालत नाही, हे मलाही कळतं. पण त्यांच्या जीपीएसमधली ती यादी म्हणजे अर्धा सर्वे आहे हो, फुकटातला. देवगड-मालवणच्या तांडेलांना समोर बसवा, त्यांचे बिंदू नकाशावर मांडा, मग तेवढ्याच जागी सोनार (आवाजाच्या लहरींनी तळ टिपणारं यंत्र) आणि कॅमेरा न्या आणि जाळं पडायच्या आत ती जागा बंद करा. ज्याने जागा सांगितली त्याला फाटलेल्या जाळ्याची भरपाई द्या, बघा कसे बोलतात. भरपाईचे पैसे कुठून आणायचे हे मला विचारू नका, नको तिथे बरोबर सापडतात.

आता कॉमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, "मग मासे खाणं सोडा." नाही सोडणार. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढलेल्या जाळ्यातला, बांगडा मिळाला तर दोन जास्त खाईन. इंद्रजालच्या जाहिराती मात्र मला फॉरवर्ड करू नका, वनखात्याला करा. बहिणीलाही तेच सांगितलंय. ती पोस्ट वाचतेय, ब्लू टिक दिसली, अजून बोललेली नाही.