‘कॅलिफोर्नियात शिस्तीचे बारा वाजले’ म्हणे

कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळांबद्दल एक फॉरवर्ड फिरतोय: कृष्णवर्णीय मुलं दंगा जास्त करतात म्हणून त्यांना शिक्षा जास्त होते, मुळात प्रश्न गरिबीचा आहे, आणि राज्याने सस्पेन्शनच (मुलाला काही दिवस शाळेबाहेर ठेवणं) बंद केल्यामुळे शिक्षक हतबल झालेत.

आधी दंग्याचं बघू. २०१३-१४ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुलं १५.५ टक्के होती. सस्पेंड झालेल्यांत ३९ टक्के. एवढ्यावरून भेदभाव सिद्ध होत नाही, मान्य. म्हणून टेक्सासचा २०११चा अभ्यास वाचावा. जवळपास दहा लाख मुलांची सातवीपासूनची नोंद त्यात तपासली होती. कायद्याने शिक्षा सक्तीचीच आहे असे गंभीर गुन्हे एकूण कारवायांत जेमतेम ३ टक्के. बाकी सगळं शाळेच्या मर्जीवर. इतर सगळ्या बाबतींत सारख्या असलेल्या मुलांची तुलना केली, तर या मर्जीच्या कारवाईची शक्यता गोऱ्या मुलांपेक्षा कृष्णवर्णीय मुलांसाठी ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. शिक्षा सक्तीची असलेल्या गुन्ह्यांत मात्र कमीच. खरंच दंगेखोरी जास्त असती, तर ती आधी सक्तीच्या रकान्यात दिसली असती ना?

गरिबीचा मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो: अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेला २०१८मध्ये ही तफावत गरीब मुलं कमी असलेल्या शाळांतही आढळली.

आता ‘सस्पेन्शन बंद’. साफ खोटं. राज्याने हात घातला तो फक्त ‘विलफुल डिफायन्स’ला, म्हणजे मुद्दाम ऐकलं नाही, उलट बोलला, व्यत्यय आणला. उलट बोलणं नेमकं कशाला म्हणायचं, हे ज्याचं तो ठरवतो. मर्जी शिरते ती इथूनच. २०१५पासून तिसरीपर्यंत, २०२०पासून आठवीपर्यंत आणि जुलै २०२४पासून बारावीपर्यंत एवढ्याच कारणासाठी शाळेतून सस्पेंड करता येत नाही. शिक्षक मात्र अशा मुलाला आजही आपल्या वर्गाबाहेर काढू शकतात. बंदूक आणली, ड्रग्ज विकले, तर शाळेतून काढण्याची शिफारस आजही बंधनकारक आहे.

या फॉरवर्डला खरा दारूगोळा हवा असता तर तो अमेरिकेतल्याच पिट्सबर्ग शहरातल्या शाळांमध्ये होता. तिथे शिक्षेऐवजी संवादाचा प्रयोग झाला. सस्पेन्शन घटली, तफावतही कमी झाली, पण सहावी ते आठवीच्या मुलांची अभ्यासातली कामगिरी घसरली. त्यावर बोट ठेवलं असतं, तर उत्तर देताना मला घाम फुटला असता.