यशाचं रहस्य एका शब्दात सांगा म्हणे

परवा पुण्यातल्या एका पंचतारांकित हॉटेलात माझा सत्कार झाला. यशस्वी सामाजिक उद्योजिका म्हणून. शाल, नारळाऐवजी कुंडीतलं रोप (पर्यावरण हो! एसटीत अख्खी माती माझ्या मांडीवर), आणि वरवंट्याएवढी जड काचेची ट्रॉफी. सत्कार कुणी केला? ज्या कंपनीवाल्यांनी दसऱ्याला आमच्याकडून कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे ४०० खोके ३२० रुपये दराने उचलले आणि वटपौर्णिमा आली तरी १ लाख २८ हजारांतला एक रुपया सोडलेला नाही, त्यांनीच.

आधी फोन आला होता. "मॅडम, एखाद्या मावशींना नऊवारीत आणाल का? लाइव्ह काउंटर ठेवू." मी हो म्हटलं, कारण मी मूर्ख आहे. वाटलं, त्या निमित्ताने अकाउंट्सवाल्याला समोरासमोर गाठता येईल. बार्शीहून पहाटेची एसटी धरली. मी, आमच्या गटातल्या थोरल्या मावशी, काटवट, तवा आणि पाच किलो ज्वारीचं पीठ. तिथे जाऊन बघते तर चूल थर्माकोलची! आत लाल जिलेटीनचा कागद, त्याखाली बल्ब, आणि ज्वाळा हलताना दिसाव्यात म्हणून एक टीचभर पंखा. खरा विस्तव चालत नाही, वरून पाण्याचे फवारे सुरू होतात म्हणे. मावशी उकिडव्या बसल्या, सवयीने हात चुलीपुढे धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, ही तर गारच हाय की."

तीन तास त्या माउलीने एकच गोळा थापला. थापायचा, मोडायचा, परत मळायचा, परत थापायचा. लोक येऊन शेजारी बसून सेल्फी काढत होते. एकाने विचारलं, "ग्लूटेन फ्री आहे का?" मावशी म्हणाल्या, "नाय, जवारीची हाय." अहो, कडक भाकरी तव्यावरून उतरली की निखाऱ्याच्या कडेला उभी राहून कडक होते. बल्बच्या उजेडात काय होतं? फोटो होतो.

आणि अकाउंट्सवाला? तो आलाच नव्हता. त्याला कशाला बोलावतील.

मग सोफे. आम्ही चौघे ओळीने, समोर पाण्याच्या बाटल्या. सूत्रसंचालिका म्हणाली, सामाजिक उद्योजक म्हणून यशस्वी व्हायला काय लागतं, एका शब्दात सांगा. पहिला म्हणाला पॅशन. दुसरी पर्पज. तिसरा इकोसिस्टीम, त्याचा अर्थ त्याला तरी माहीत असेल का, देव जाणे. माझा शब्द घसा सोडून जिभेवर आला होता: नवरा. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. एक तारखेला, कधी दहा तारखेला, पण पगार होतो. गेल्या दिवाळीला ११ बायकांची मजुरी त्यातून गेली. हे आमचं भांडवल, हाच आमचा गुंतवणूकदार, आणि तो घरी येऊन भांडीही घासतो. पण माईक हातात आला आणि मी चक्क "जिद्द" म्हणाले. टाळ्या पडल्या. स्वतःच्याच श्रीमुखात द्यावीशी वाटली.

त्यात कुणीतरी लिज्जत काढलंच. काढणारच. १९५९, गिरगाव, सात बायका, ८० रुपये उसने. ऐकून ऐकून पाठ झालंय. पण बाबांनो, त्या बायकांनी पापड भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला विकले. त्याने "आधी व्हेंडर कोड, म्हणजे तुमचा पुरवठादार नंबर, तयार होऊ दे" म्हणत आठ महिने तंगवलं असतं, तर आज तुमच्या भाषणात सांगायला काय उरलं असतं?

आणि हो, कायदा आहे. २००६ पासून आहे. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. एप्रिल २०२४ पासून आयकरातही अडकवलंय, मुदत उलटून वर्षअखेरीपर्यंतही दिले नाहीत तर देणाऱ्याला त्या वर्षी खर्चाची वजावट नाही. तक्रारीला सरकारने समाधान नावाचं पोर्टल काढलं. नाव किती गोड! करा तक्रार. पुढच्या दिवाळीची ऑर्डर गेली की मग घरी बसून व्याज मोजा.

बरं, अनुदान मागायला जावं तर "तुम्ही नफा कमावता." कर्ज मागायला जावं तर साहेब म्हणतात, "एनजीओला देत नाही आम्ही." अहो, एनजीओ नाही! त्याच कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठी काढलेल्या पैशातून, काही मिळेल का विचारलं तर ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ ची, म्हणजे ना-नफा, कंपनी हवी, वर तीन वर्षांचा अनुभव. आम्ही साधी भागीदारी फर्म. वटवाघळासारखी गत, ना पक्ष्यांत ना प्राण्यांत. गिऱ्हाईकांचं वेगळंच. "समाजसेवा आहे ना, मग दर कमी करा." समाजसेवा आहे म्हणून शेंगदाणे काय फुकट मिळतात? हेच लोक मॉलमधली बिस्किटं छापील किमतीला निमूट घेतात. आणि ते मेंटॉर! "स्केल करा, मॅडम." मावशींचे हात कुठून स्केल करू?

रात्री परतीच्या एसटीत मावशींनी ट्रॉफी मांडीवर घेऊन उलटीपालटी करून बघितली. "ताई, ही गहाण पडंल का?"

आता खरं सांगते. घरी पोचून पाय धुवायच्या आधी मी तो फोटो लिंक्डइनवर टाकला. "विनम्र आणि कृतज्ञ" लिहून. त्याच कंपनीला टॅग करून. रात्री दीड वाजता उठून लाइक मोजले, २१४. नवरा कुशीवर वळून म्हणाला, "मजुरी लाइकमध्ये देणार का?"

सकाळी दहाला अकाउंट्सला फोन लावला. चिडून बोलायचंच ठरवलं होतं. तो पठ्ठ्या मला बोलूच देईना. "मॅडम, काल तुमचा व्हिडिओ बघितला, काय बोललात! जिद्द! घरी सगळ्यांना दाखवला." मी विरघळले. थँक यू म्हणाले. मग तो म्हणाला, "ते बिलाचं बघतो. फक्त तो कॅन्सल्ड चेक सापडत नाहीये, परत एक पाठवता का?"

हा पाचवा.