विज्ञानमालिकांचे चाहते आणि एक निनावी मजकूर

गेल्या काही आठवड्यांत आमच्या सोसायटीच्या गटापासून निवृत्त प्राध्यापकांच्या गटापर्यंत सगळीकडे एक मजकूर फिरून आला. त्याचा आशय असा, की ‘स्टार ट्रेक’, ‘स्टार वॉर्स’, ‘डॉक्टर हू’ या अवकाश आणि भविष्याच्या कथा सांगणाऱ्या परदेशी मालिका-चित्रपटांच्या नादी लागलेली माणसे वास्तवाला तोंड देता येत नाही म्हणून काल्पनिक जगात पळतात. हे वेड परदेशी कंपन्यांनी जाहिरातबाजीने लावलेले आहे. आपल्या मराठी मातीत असले काही कधी नव्हते. चाहते आंधळे असतात, पुढ्यात येईल ते गोड मानून घेतात. आणि वय वाढले की हे खूळ आपोआप उतरते. मजकुराखाली कोणाचे नाव नाही, पण भाषा इतकी ठाम आहे की अनेकांनी तो ‘विचार करायला लावणारा’ असे म्हणून पुढे पाठवला. मी विचार केला. त्यातला एक मुद्दा मला अर्धा मान्य आहे, बाकीचे नाहीत.

पळपुटेपणाचा आरोप आधी घेतो. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, यावर दोन-दोन तास वाद घालणारी माणसे पुण्यात कोणत्याही कट्ट्यावर भेटतात आणि त्यांना आपण इतिहासप्रेमी म्हणतो, पळपुटे म्हणत नाही. जयंत नारळीकरांनी तर नेमक्या याच ‘तर’वर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथा लिहिली. तिच्यातले पुण्याचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन पडतात, जिथे ती गोळी विश्वासरावांना चाटून गेली आणि मराठे लढाई जिंकले. ही कथा वाचून कोणी १७६१ सालापासून पळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. उलट त्या सालाकडे नव्याने पाहिले जाते. ‘स्टार ट्रेक’ने १९६६ साली हेच केले. अमेरिकेत वर्णभेदाचा प्रश्न पेटलेला असताना तिने यानाच्या मुख्य कक्षात एका कृष्णवर्णीय स्त्रीला अधिकारी म्हणून बसवले आणि पुढच्या वर्षी, शीतयुद्ध चालू असताना, एका रशियन तरुणाला तिच्या सहकाऱ्यांत आणले. त्या स्त्रीची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी पुढे ‘नासा’साठी स्त्रिया आणि अल्पसंख्याकांच्या भरतीची मोहीम चालवली. १९९२ साली अवकाशात गेलेल्या मे जेमिसन या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रीने, लहानपणी याच पात्राने आपल्याला ओढ लावली, असे मोकळेपणाने सांगितले आहे.

दुसरा, जाहिरातबाजीचा आरोप सर्वांत जास्त फिरतो आणि तारखा पाहिल्या तर तोच सर्वांत कच्चा ठरतो. ‘स्टार ट्रेक’ ही मूळ मालिका तीन हंगाम आणि ७९ भाग चालून १९६९ साली बंद पडली. तिसरा हंगामसुद्धा वाहिनीच्या मनात नव्हता. प्रेक्षकांनी पत्रांचा असा पाऊस पाडला, की १ मार्च १९६८ रोजी वाहिनीला पडद्यावरून मालिका चालू राहणार असल्याचे जाहीर करावे लागले. म्हणजे मालकाला नको असलेला माल गिऱ्हाइकाने भांडून चालू ठेवला. बंद पडल्यानंतर स्थानिक वाहिन्यांवर जुनेच भाग पुन्हा पुन्हा दाखवले जात होते. त्यात कंपनीचा धंदा होता, हे मान्य. पण १९७२ साली न्यूयॉर्कमध्ये चाहत्यांचा मेळावा भरला आणि आयोजकांच्या अंदाजाच्या कितीतरी पट लोक आले, तेव्हा नवा चित्रपट यायला अजून सात वर्षे होती. १९७६ साली चाहत्यांच्या पत्रांमुळे ‘नासा’च्या पहिल्या स्पेस शटलला मालिकेतल्या यानाचे ‘एन्टरप्राइझ’ हे नाव मिळाले. (ते यान फक्त चाचण्यांसाठी होते, अवकाशात कधी गेलेच नाही, हा नशिबाचा विनोद.)

‘डॉक्टर हू’ची गोष्ट याहून बोलकी आहे. १९६०च्या दशकातले अनेक भाग बीबीसीने टेप पुन्हा वापरण्यासाठी आणि जागेसाठी पुसून किंवा नष्ट करून टाकले. चित्र गेले, पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज ऐकता येतो, कारण तेव्हाच्या काही पोरांनी घरच्या टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून तो ध्वनिमुद्रित केला होता. मालकाने फेकलेली वस्तू गिऱ्हाइकाने जपली, याला जाहिरातबाजीचा परिणाम म्हणायचे असेल, तर शब्दांचे अर्थच बदलावे लागतील.

माझ्या मते भक्तीचे मूळ इथे आहे. या जगांत प्रेक्षकाला करायला काम उरलेले असते. माझा भाचा मध्यंतरी मला रविवार पेठेतल्या बोहरी आळीत घेऊन गेला. त्याला ‘स्टार वॉर्स’मधल्या प्रकाशाच्या तलवारीची मूठ बनवायची होती. क्रोमचे वेस्ट पाइप तो एकेक करून हातात घेई, वजन बघे, बोटे आवळून बघे आणि परत ठेवी. दुकानदाराने शेवटी विचारले, “बेसिनला लावायचाय का सिंकला?” भाचा म्हणाला, “हातात धरायचाय.” दुकानदाराने क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि आतून आणखी चार पाइप काढून दिले. पुढे सायकलच्या मुठीचे रबर कापून त्या पाइपवर पट्ट्या चिकटवण्यात त्याचे तीन रविवार गेले आणि एक पट्टी तिरकी बसली म्हणून चौथाही गेला. आता १९७७च्या चित्रपटातली मूळ मूठसुद्धा लंडनमधल्या एका फोटोच्या दुकानातल्या जुन्या सामानात सापडलेल्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या दांड्यापासून बनवली होती. बोहरी आळीत उभा असलेला मुलगा मूळ कारागिराच्याच वाटेने चालला होता, आणि हे त्याला पक्के ठाऊक होते.

मराठी मातीत हे नव्हते, या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ पाहणारी घरे याच शहरात होती, आणि दिवाळी अंकांनी विज्ञानकथेचे दोन-तीन पिढ्यांचे वाचक घडवले आहेत. प्रश्न वेगळा आहे: नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांच्या कथांवर प्रेम असूनही त्यांच्याभोवती असे मेळावे का भरले नाहीत? मला वाटते, आपली विज्ञानकथा अंकाच्या दहा पानांत सुरू होऊन तिथेच संपते. कथा पूर्ण, धक्का पोचला, लेखकाला दाद दिली, विषय मिटला. मालिकेचे जग अनेक हातांनी अनेक वर्षे रचलेले असते, त्यात विसंगती असतात, फटी असतात, आणि लेखक बाजूला झाला तरी ते जग उरते. आपल्याकडे वाचक लेखकाचा चाहता होतो, तिकडे तो त्या जगाचा रहिवासी होतो.

आंधळेपणाचा आरोप तर चाहत्यांच्या बैठकीत अर्धा तास बसलेल्याने केलाच नसता. १९९७ साली ‘स्टार वॉर्स’चे निर्माते जॉर्ज लुकस यांनी आपल्याच चित्रपटात बदल करून एका प्रसंगात आधी गोळी कोण झाडतो तो क्रम फिरवला, तर चाहते अजून त्याबद्दल निषेधाचे टी-शर्ट घालतात. निर्मात्याला इतके उभे-आडवे घेणारा भक्त दुसऱ्या कुठल्या संप्रदायात सापडणार नाही. मात्र इथेच मी मजकुराच्या बाजूने अर्धे पाऊल टाकतो. रहिवासी झालेला माणूस कधी कधी स्वतःला घरमालक समजू लागतो. ‘स्टार वॉर्स’मध्ये काम केलेल्या केली मरी ट्रॅन या अभिनेत्रीला काहींनी इतका त्रास दिला की २०१८ साली तिने इन्स्टाग्रामवरचे आपले सारे काही काढून टाकले. ही ओढ असते तिथे मालकी हक्काची भाषाही येते, आणि चाहते म्हणवणाऱ्या आम्हा लोकांनी तिच्याकडे काणाडोळा केलेला आहे.

राहिला वयाचा मुद्दा. ‘डॉक्टर हू’ १९८९ साली बंद झाली आणि मधला एक दूरचित्रपट सोडला तर सोळा वर्षे पडद्यावरून नाहीशी होती. २००५ साली ती परत आणणारे रसेल टी. डेव्हिस हे लहानपणापासून तिचे चाहते होते, आणि मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा ते बेचाळिशीच्या आसपास होते.